गेटिसबर्ग : दुपारी तीनपर्यंत

३ जुलै १८६३. अमेरिकेच्या यादवी युद्धाचं तिसरं वर्ष. पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग हे सुमारे २,४०० वस्तीचं गाव. जनरल रॉबर्ट ली यांचं दक्षिणेचं सैन्य आणि जनरल जॉर्ज मीड यांचं उत्तरेचं सैन्य तिथे दोन दिवस झुंजत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेचे सुमारे १२,५०० सैनिक उघड्या शेतांतून चालत निघाले. तासाभरात त्यांतले निम्म्याहून अधिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. दक्षिणेचे जनरल पिकेट यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘पिकेटचा हल्ला’ तो हाच.

अमेरिकी रेल्वेने प्रमाणवेळ आणली ती १८८३ मध्ये. त्याआधी ज्याच्या-त्याच्या खिशातलं घड्याळ वेगळं चाले. त्यामुळे पत्रांतल्या, डायऱ्यांतल्या आणि आठवणींतल्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत. खालच्या वेळाही साधारण समजाव्यात.

आदली रात्र

सिमेट्री रिज नावाच्या लांबट टेकाडामागे लिडिया लेस्टर या विधवेचं दोन खोल्यांचं घर. ती मुलांना घेऊन आधीच बाहेर पडली होती आणि घरात मीड यांचं ठाणं होतं. एका कोंदट खोलीत सेनापतींची बैठक झाली. जागा सोडायची नाही, आपण होऊन हल्लाही करायचा नाही, असं ठरलं. निघताना मीड यांनी जनरल जॉन गिबन यांना बजावलं की ली उद्या आले तर तुमच्याच आघाडीवर, म्हणजे मधोमध येतील. ही आठवण गिबन यांनी पुढे लिहून ठेवली.

त्याच टेकाडावर अब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचं १२ एकर शेत होतं. तोही कुटुंबासह निघून गेला होता. लींचं सैन्य वाटेत सापडलेल्या कृष्णवर्णीयांना धरून गुलामगिरीत पाठवत होतं. त्यात जन्मापासून स्वतंत्र असलेलेही सुटत नव्हते.

पहाटे ४.३० : हल्ल्याला साडेदहा तास बाकी

कल्प्स हिल या टेकडीवर उत्तरेच्या तोफा सुरू झाल्या. लींचा बेत दोन्हीकडून एकाच वेळी चढाई करण्याचा होता. एक बाजू अशी वेळेआधीच पेटल्याने तो सकाळीच फिसकटला.

दुसऱ्या बाजूला लींच्या हाताखालचे जनरल जेम्स लॉन्गस्ट्रीट शत्रूला वळसा घालून जाण्याचा आग्रह धरून बसले होते. ही जागा घेऊ शकतील असे १५,००० सैनिक आजवर उभे राहिलेले नाहीत, असं त्यांनी लींना सांगितल्याचं ते स्वतः लिहितात. लींनी टेकाडाकडे बोट दाखवलं. शत्रू तिथे आहे, तर घाव तिथेच. पुढे चर्चा झाली नाही.

सकाळी ८.३० : साडेसहा तास

बाल्टिमोर स्ट्रीटवर २० वर्षांची जेनी वेड पावासाठी कणीक मळत होती. घर तिच्या बहिणीचं. बहीण आठवड्यापूर्वीच बाळंत झाली होती आणि त्याच घरात अंथरुणाला होती. दोन दारं भेदून आलेली गोळी जेनीला लागली आणि ती जागीच गेली. तीन दिवसांच्या लढाईत गोळी लागून मेलेली गावातली ती एकटीच.

सकाळी ११ : चार तास

कल्प्स हिल थंडावली आणि सगळीकडे सामसूम झाली. गिबन यांचे सहायक फ्रँक हॅस्केल यांनी भावाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात या वेळचं जेवण टिपलं आहे. कुठूनसा मिळालेला जून कोंबडा शिजवला होता आणि मीड, जनरल हॅन्कॉक आणि गिबन गवतावर बसून जेवत होते. जेवण झाल्यावर कुणी चिरूट ओढला, कुणी डुलकी काढली.

दुपारी १२ : तीन तास

समोरच्या झाडीत दक्षिणेचा तोफखाना सज्ज होता. तो कर्नल एडवर्ड पोर्टर अलेक्झांडर यांच्या हाताखाली होता. वय २८. त्यांना लॉन्गस्ट्रीट यांची चिठ्ठी आली. मतलब असा की तोफांनी शत्रू खिळखिळा झाला नाही, तर पिकेटला पुढे जायला सांगू नका, तुमच्या अंदाजावर मी विसंबतो. ज्या हल्ल्यावर लॉन्गस्ट्रीट यांचा स्वतःचा विश्वास नव्हता, तो थांबवण्याचं काम त्यांनी एका कर्नलच्या गळ्यात घातलं. अलेक्झांडर गडबडले. दुसरा काही मार्ग असेल तर तोफा सुरू करण्याआधीच विचार करा, कारण दारूगोळा एवढ्यातच संपेल, असं त्यांनी उलट कळवलं. थांबा, असा निरोप कुणाकडूनच आला नाही.

१.०७ : दोन तास

इशाऱ्याच्या दोन तोफा उडाल्या. ही वेळ गावातले गणिताचे प्राध्यापक मायकेल जेकब्स यांनी नोंदवली. ते रोजचं हवामान टिपत. त्या दुपारचं तापमान त्यांच्या वहीत ८७ अंश फॅरनहाइट आहे.

मग दक्षिणेच्या दीडशेच्या आसपास तोफा एकदम धडधडू लागल्या. धुरात नेम दिसेना आणि बरेच गोळे टेकाडावरून पलीकडे जाऊन पडले. लेस्टरबाईच्या अंगणात बांधलेले अधिकाऱ्यांचे घोडे जागच्या जागी मेले आणि मीडना ठाणं हलवावं लागलं. टेकाडावरची उत्तरेची पुढची फळी मात्र बरीचशी शाबूत राहिली.

गावात राहणारी सारा ब्रॉडहेड नवऱ्याला आणि लहान मुलीला घेऊन शेजाऱ्याच्या तळघरात होती. आदल्या दिवशी गोळ्या सुटत असताना नवऱ्याने परसातल्या शेंगा तोडून आणल्या, दक्षिणेच्या बंडखोरांना एकही मिळू द्यायची नाही म्हणून. हे तिने डायरीत लिहिलं आहे. आज तळघरात बसून, वर किती माणसं मरत असतील याचाच विचार तिच्या मनात होता.

२.३० : अर्धा तास

उत्तरेचे तोफखाना-प्रमुख हेन्री हंट यांनी दारूगोळा राखण्यासाठी मारा थांबवला. अलेक्झांडर यांनी तो शत्रूच्या तोफा पडल्याचा पुरावा मानला आणि पिकेटला चिठ्ठी लिहिली: लवकर या, नाहीतर पाठीशी मारा करायला माझ्याकडे काही उरणार नाही.

पिकेट ती चिठ्ठी घेऊन लॉन्गस्ट्रीटकडे गेले आणि निघू का, असं विचारलं. लॉन्गस्ट्रीटना शब्द फुटला नाही. त्यांनी नुसती मान हलवली. पाठोपाठ अलेक्झांडर यांनी गोळे संपत आल्याचं त्यांना सांगितलं. पिकेटला थांबवा आणि गोळे भरून घ्या, असं लॉन्गस्ट्रीट म्हणाले. भरायला फारसं शिल्लक नाही आणि तेवढ्यात शत्रू सावरेल, असं उत्तर मिळालं. शेवटची संधी इथे गेली.

दुपारी ३ : हल्ला

दक्षिणेच्या पिकेट, पेटिग्रू आणि ट्रिंबल या सेनापतींच्या पलटणी झाडीतून बाहेर पडल्या. समोर सुमारे सव्वा किलोमीटर उघडं रान होतं. जेकब्स यांनी माळ्यावरून दुर्बीण लावली आणि मुलाला हाक मारली: ये, हे पुन्हा जन्मात दिसायचं नाही.

एमिट्सबर्ग रस्त्याच्या कुंपणांवर चढताना माणसं टिपली गेली. दोन्ही बगलांवरून गोळीबार सुरू झाला. दक्षिणेचे जनरल गार्नेट यांना चालवत नव्हतं, म्हणून ते घोड्यावर होते. ते मारले गेले आणि त्यांचा मृतदेह कधीच ओळखता आला नाही. जनरल आर्मिस्टेड तलवारीच्या टोकावर टोपी धरून शेदोनशे माणसांसह दगडी बांध ओलांडून आत शिरले आणि कोसळले. त्यांच्यासमोर तोफा सांभाळणारे उत्तरेचे २२ वर्षांचे लेफ्टनंट कुशिंग आधीच जखमी होते आणि तिथेच मारले गेले. सर्वोच्च शौर्यपदक त्यांना २०१४ मध्ये मिळालं.

ब्रिटिश कर्नल फ्रीमँटल लढाई पाहायला आले होते. काय झालं याची कल्पना नसताना ते लॉन्गस्ट्रीटना म्हणाले की हे दृश्य चुकलं असतं तर फार वाईट वाटलं असतं. माझं हे दृश्य चुकलं असतं तर मला आनंदच झाला असता, असं लॉन्गस्ट्रीटनी हसून सांगितलं. परतणाऱ्या सैनिकांना ली सांगत होते की दोष माझा आहे.

संध्याकाळ

गावातली १५ वर्षांची टिली पियर्स सकाळी दूर हलवलेल्या माणसांबरोबर वायकर्ट यांच्या शेतघरी परतली. घराबाहेर शस्त्रक्रिया चालू होत्या. कापलेल्या हातापायांचा ढीग कुंपणाहून उंच झालेला तिने पाहिला.

तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक मेले, जखमी झाले, बेपत्ता झाले किंवा पकडले गेले. लींनी दोष पत्करला, पण तो सगळाच त्यांचा नव्हता. हा हल्ला फसणार हे लॉन्गस्ट्रीट जाणून होते आणि अलेक्झांडर यांना शंका होती. दोघांनीही ‘नाही’ म्हणायचं काम दुसऱ्यावर ढकललं, आणि त्यात वेळ निघून गेली.

किंमत मोजणाऱ्यांत टेकाडावरची ती दोन घरंही होती. लिडिया लेस्टरच्या जमिनीवर १७ घोडे मरून पडले होते. त्यांची हाडं तिने शंभर पौंडांना ५० सेंट दराने विकली. अब्राहम ब्रायन यांनी १,०२८ डॉलर नुकसानभरपाई मागितली. सरकारने १५ डॉलर दिले.