देवाचे प्रतिरूप

ख्रिस्ती धर्मातील मानवविषयक मूलभूत सिद्धान्त. देवाने माणसाला, स्त्री आणि पुरुष दोघांनाही, स्वतःच्या प्रतिरूपात घडवले, असे बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्याच पुस्तकात (1:26–27) सांगितले आहे. मराठी बायबलातील ‘प्रतिरूप’ आणि ‘सदृश’ हे शब्द मूळ हिब्रूतील ‘त्सेलेम’ व ‘दमूत’ यांच्यासाठी आले आहेत.

‘त्सेलेम’चा रोजचा अर्थ मूर्ती. जुन्या करारात फोडून टाकायच्या मूर्तींनाही हाच शब्द लावलेला आढळतो. सिरियातील तेल फेखेरिये येथे 1979 मध्ये एका राजाचा काळ्या दगडाचा पुतळा सापडला. इ.स.पू. नवव्या शतकातला हा राजा दोन्ही हात पुढे जुळवून उभा आहे आणि त्याच्या झग्यावर लेख कोरला आहे. त्यातील अरामी मजकुरात पुतळ्याला उद्देशून हेच दोन शब्द योजले आहेत. त्या काळी देवाची प्रतिमा म्हणवून घेण्याचा मान राजाचा होता; इजिप्तचा राजा ‘तुतनखामुन’ याच्या नावाचा अर्थच ‘अमुन देवाची जिवंत प्रतिमा’ असा होतो. ‘उत्पत्ती’ने तो मान मातीतल्या प्रत्येक माणसाला दिला, आणि या सिद्धान्ताचे सारे बळ इथेच आहे. माणसाचा खून का करायचा नाही, याचे कारण पुढे नवव्या अध्यायात हेच दिले आहे. याकोबाच्या पत्रात तर माणसाला शिव्याशाप देणेही याच कारणाने निषिद्ध ठरते.

हे प्रतिरूप माणसात नेमके कुठे असते, यावर मतभेद आहेत. दुसऱ्या शतकातील इरेनिअसने ‘प्रतिरूप’ आणि ‘सादृश्य’ वेगळे मानले. ऑगस्टीनने स्मृती, बुद्धी व इच्छा या त्रयीत त्रैक्याची खूण पाहिली. थॉमस अक्विनासनेही बुद्धीवर भर दिला. कॅल्विनच्या मते माणसाच्या पापात झालेल्या पतनानंतर प्रतिरूप विद्रूप झाले, पण पुरते पुसले गेले नाही. विसाव्या शतकात कार्ल बार्टने ते गुणांत न शोधता नात्यात शोधले. केवळ बुद्धीवर बेतलेली मांडणी अपुरीच म्हणावी लागते. पाळण्यातले तान्हे मूल किंवा स्वतःच्या मुलांची नावेही विसरलेली आजी या मांडणीच्या कक्षेबाहेर पडते. ‘उत्पत्ती’च्या त्या वचनांत मात्र अशी कोणतीच अट नाही.

नव्या करारात अदृश्य देवाचे खरे प्रतिरूप म्हणजे ख्रिस्त (कलस्सै 1:15), आणि श्रद्धावंत त्याच्या रूपात पालटत जातो. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत या वाटचालीला ‘थिओसिस’ म्हणतात.

या शिकवणीचा रोखठोक वापर चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने केला. ‘उपदेशक’ या पुस्तकावरील प्रवचनात त्याने गुलामांच्या मालकांना विचारले, की देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्ही किती नाण्यांत ठरवली? गुलामगिरी हा ज्या काळी रोजचा व्यवहार होता, त्या काळातला हा प्रश्न आहे. पुढे कित्येक शतके ख्रिस्ती राज्यांतही माणसांची खरेदी-विक्री चालू राहिली, हेही इथे नोंदवले पाहिजे.

कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, कर द्यावा की नाही, असे विचारल्यावर येशूने चांदीचा दिनार मागवून त्यावर कोणाचा मुखवटा आहे ते विचारल्याची कथा मार्कच्या शुभवर्तमानात आहे. तिचा अर्थ लावताना तर्तुलियनने म्हटले, की नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे म्हणून नाणे कैसराला द्यावे. माणसावर देवाची आहे म्हणून माणूस देवाचा.