थंड हवामानातील युक्का लागवड

युक्का ही ॲस्परॅगेसी म्हणजे शतावरी कुलातील सदाहरित, बहुवर्षायू वनस्पतींची एक प्रजाती आहे. तीत सुमारे ४० ते ५० जातींचा समावेश होतो. त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडातील असून त्यांचा विस्तार कॅनडाच्या दक्षिण सीमेपासून मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटांपर्यंत आहे. घायपात आणि निशिगंध या महाराष्ट्रात परिचित असलेल्या वनस्पती युक्काच्याच उपकुलात मोडतात. तलवारीसारख्या ताठ पानांचा गुच्छ आणि त्यातून वर येणारा घंटाकृती, पांढऱ्या फुलांचा उंच तुरा यांमुळे युक्का शोभेसाठी लावली जाते.

वाळवंटातील वनस्पती म्हणून युक्का सर्वसाधारणपणे ओळखली जात असली, तरी तिच्या काही जाती उणे ३० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही कडक थंडीत तग धरतात. उत्तर अमेरिका व युरोप येथील घरगुती बागांत या जातींची लागवड होते. अशा बागांत युक्का दगावते ती बहुधा केवळ थंडीने नव्हे, तर थंडीच्या दिवसांत मुळांशी व गाभ्यात साचलेल्या पाण्याने. त्यामुळे जातीची निवड आणि पाण्याचा निचरा हे या लागवडीचे दोन प्रमुख आधार मानले जातात.

नाव व इतिहास

'युक्का' हे नाव एका गैरसमजातून रूढ झाले. कॅरिबियन प्रदेशातील मूळ रहिवासी 'युका' हा शब्द कसावा या कंदासाठी वापरत. भारतात साबुदाणा याच कंदापासून तयार केला जातो. १६व्या शतकात इंग्लंडमध्ये आलेली एक काटेरी वनस्पती म्हणजे हाच कंद असावा, अशी तेथील वनस्पती-अभ्यासक जॉन जेरार्ड यांची समजूत झाली. त्यांनी १५९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वनस्पतिकोशात तिची त्या नावाने नोंद केली. १७५३ मध्ये कार्ल लिनियस यांनी तेच नाव प्रजातीसाठी कायम ठेवले. वस्तुतः कसावा व युक्का यांचा परस्परांशी वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही आणि युक्काला कसाव्यासारखा खाद्य कंदही नसतो.

इंग्लंडमध्ये युक्का प्रथम फुलल्याची नोंद १६०४ ची असून ती एसेक्समधील विल्यम कॉइस यांच्या बागेतील आहे. पुढे १९व्या शतकाच्या अखेरीस व २०व्या शतकाच्या आरंभी कार्ल स्प्रेंगर यांनी इटलीतील नेपल्स येथे अनेक संकरित प्रकार तयार केले. याच काळात इंग्रज उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांनी फुलझाडांच्या ताटव्यांत युक्काचा ठळकपणे वापर केला. युक्का प्रजातीचा सविस्तर शास्त्रीय आढावा विल्यम ट्रिलीझ यांनी १९०२ मध्ये घेतला.

थंडी सहन करण्याची क्षमता

थंडी सोसणाऱ्या युक्का उंच पठारे, गवताळ मैदाने व डोंगरउतार येथील रहिवासी आहेत. या प्रदेशांत उन्हाळा कडक, हिवाळा तीव्र आणि पाऊस बेताचा असतो. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की या वनस्पतींची वाढ मंदावते, पेशींतील पाण्याचे प्रमाण घटते व विद्राव्य शर्करा वाढतात. परिणामी पेशीरसाचा गोठणबिंदू खाली जातो आणि पेशींना होणारी इजा टळते. काही जातींची पाने हिवाळ्यात मलूल होऊन जमिनीकडे झुकतात व वसंतात पुन्हा ताठ होतात. हे रोगाचे लक्षण नव्हे.

ही पूर्वतयारी होण्यासाठी शरद ऋतू कोरडा असावा लागतो. माती सतत ओली राहिल्यास पेशींत पाणी भरलेले राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि कुजविणाऱ्या बुरशींना वाव मिळतो. पर्णगुच्छाच्या गाभ्यात साचलेले पाणी दिवसा वितळते, रात्री गोठते आणि वाढीचा कोंब नासतो. याउलट कोरड्या भुसभुशीत बर्फाचा थर पांघरुणासारखा उपयोगी पडतो, कारण त्याखालील तापमान बाहेरच्या हवेइतके खाली जात नाही.

अमेरिकेच्या कृषी विभागाने हिवाळ्यातील सरासरी किमान तापमानानुसार प्रदेशांचे १३ पट्टे पाडले असून प्रत्येक पट्टा सुमारे ५.६ अंश सेल्सिअसचा आहे. रोपवाटिका युक्काच्या रोपांसोबत बहुधा या पट्ट्याचा क्रमांक देतात. हा क्रमांक फक्त थंडी सांगतो. हिवाळी पावसाविषयी तो काहीच सांगत नाही. म्हणूनच कॅनडातील ॲल्बर्टा प्रांताच्या कोरड्या थंडीत टिकणारी जात त्याहून कितीतरी सौम्य, परंतु ओलसर हिवाळ्याच्या वायव्य युरोपात कुजू शकते. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहराचा हिवाळा लंडनपेक्षा पुष्कळ कडक आहे. तरीही कमी पाऊस व भरपूर ऊन यांमुळे तेथे युक्काच्या अधिक जाती उघड्यावर वाढविता येतात.

जातींची निवड

पुढे दिलेली तापमाने पूर्ण वाढलेल्या, मुळे धरलेल्या व कोरड्या जागेतील झाडांसाठी स्थूलमानाने घ्यावयाची आहेत.

• युक्का ग्लॉका : उत्तर अमेरिकेच्या महामैदानांतील जात. पाने अरुंद व निळसर-राखाडी. उणे ३५ अंशांची थंडी सोसते. खोलवर जाणाऱ्या मुळांमुळे मोठे झाड हलविणे अवघड असते. भारी, ओल्या जमिनीत टिकत नाही.

• युक्का फिलामेंटोसा : अमेरिकेच्या आग्नेय भागातील जात. पानांच्या कडांना कुरळे पांढरे दोरे सुटलेले असतात. तिचे नावही त्यांवरूनच पडले. मूळ प्रदेशात पाऊस बऱ्यापैकी असल्याने ओलावा तुलनेने अधिक सहन करते व उणे २५ ते उणे ३० अंशांपर्यंत टिकते. नवख्या बागकाम करणाऱ्यांसाठी ही सर्वांत भरवशाची जात होय. पानांच्या कडा पिवळ्या असलेला 'ब्राइट एज' व पानाचा मध्य पिवळा असलेला 'कलर गार्ड' हे प्रकार लोकप्रिय आहेत.

• युक्का फ्लॅसिडा : वरील जातीशी जवळचे नाते असलेली, पाने अधिक मऊ व टोकाशी वाकलेली. बाजारात या दोन जातींची नावे अनेकदा एकमेकींच्या जागी वापरली जातात.

• युक्का बकाटा : अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील जात. पाने जाड, फळे मांसल असून तेथील आदिवासी जमातींच्या आहारात त्यांना स्थान आहे. कोरड्या थंडीत उणे २५ अंशांच्या आसपास टिकते.

• युक्का हॅरिमॅनी : युटा व कोलोरॅडोच्या पठारांवरील बुटकी जात. खडकबागेसाठी व लहान वाफ्यांसाठी योग्य.

• युक्का रोस्ट्राटा : टेक्सास व उत्तर मेक्सिकोतील, खोड असलेली जात. अरुंद निळसर पानांचा गोल झुबका हे तिचे वैशिष्ट्य. कोरडेपणा राखल्यास सुमारे उणे २० अंशांपर्यंत तग धरते.

• युक्का ग्लोरिओसा : फिलामेंटोसा व अलोइफोलिया या जातींच्या नैसर्गिक संकरातून उत्पन्न झालेली. सुमारे उणे १५ अंशांपर्यंत टिकते. फुलोरा उशिरा, अनेकदा शरदात येत असल्याने उत्तरेकडील बागांत कळ्या थंडीने करपतात.

घरात कुंडीत ठेवली जाणारी, जाड खोडाची युक्का बहुधा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील युक्का गायगँटिया असते. तिला कडाक्याची थंडी सोसत नाही. 'युक्का थंडीत टिकते' एवढ्याच ऐकीव माहितीवर ही जात बागेत लावल्यास ती पहिल्याच हिवाळ्यात मरण्याची शक्यता असते.

लागवड

जागा : दिवसभर ऊन मिळणारी जागा निवडावी. उत्तर गोलार्धात दक्षिणाभिमुख भिंतीलगतची जागा उत्तम, कारण भिंत दिवसा साठविलेली उष्णता रात्री सोडते आणि छज्जा असल्यास पाऊसही अडतो. पानांची टोके तीक्ष्ण असल्याने पायवाट व मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून अंतर राखावे.

माती : चिकण जमिनीत केवळ खड्डा करून त्यात वाळू भरल्यास आजूबाजूचे पाणी त्याच खड्ड्यात जमते. त्याऐवजी २० ते ३० सेंटिमीटर उंचीचा वाफा किंवा लहान उंचवटा तयार करून त्यात माती व भरड वाळू किंवा बारीक खडी निम्मीनिम्मी मिसळावी. झाडाच्या बुंध्याभोवती पालापाचोळ्याऐवजी खडीचा थर द्यावा. पालापाचोळा ओल धरून ठेवतो.

लावणी : रोप वसंत ऋतूत, जमीन उबदार झाल्यावर लावावे. त्यामुळे हिवाळ्यापूर्वी मुळे धरण्यास पूर्ण हंगाम मिळतो. शरदात लावलेली रोपे पुष्कळदा वाया जातात. कमी टणक जातींची लहान रोपे पहिली दोन वर्षे कुंडीत वाढवून हिवाळ्यात थंड पण हिमापासून सुरक्षित खोलीत ठेवणे हितकारक असते.

पाणी व खत : पहिल्या उन्हाळ्यात माती कोरडी झाल्यावर भरपूर पाणी द्यावे. पुढे दीर्घ अवर्षण वगळता पाण्याची गरज भासत नाही. खत वसंतात व तेही अल्प प्रमाणात द्यावे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नत्रयुक्त खत दिल्यास कोवळी वाढ होते व ती थंडीला बळी पडते.

हिवाळ्यातील संरक्षण

कोरड्या प्रदेशात टणक जातींना संरक्षणाची गरज नसते. ओलसर प्रदेशात झाडावर पारदर्शक पत्र्याचे छप्पर उभारतात. त्याच्या बाजू मोकळ्या ठेवतात. छपराचा हेतू ऊब देणे हा नसून पाऊस अडविणे हा असतो. संपूर्ण झाड प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यास आत बाष्प साचून कूज वाढते. पाने वर घेऊन सैल बांधल्याने गाभ्यात पाणी शिरत नाही व जड बर्फाने पाने मोडत नाहीत. वसंतात हिमाचा धोका टळताच बांधणी सोडावी. वरचा भाग गेलेला दिसला तरी झाड लगेच उपटू नये. जमिनीखालील मूलक्षोडातून उन्हाळ्यापर्यंत नवे फुटवे येऊ शकतात.

फुलोरा व परागण

बियांपासून वाढविलेले झाड फुलावर येण्यास कित्येक वर्षे लागतात. फिलामेंटोसा जातीचा तुरा उन्हाळ्यात येतो व एक ते अडीच मीटर उंच होतो. फुललेला पर्णगुच्छ नंतर मरतो, परंतु बाजूचे मुनवे त्याची जागा घेतात.

युक्काचे परागण हे वनस्पती व कीटक यांच्या परस्परावलंबनाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १८७२ मध्ये जॉर्ज एंगेलमान यांनी पतंग व युक्का यांचा हा संबंध निदर्शनास आणला आणि चार्ल्स रायली यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. टेजेटिक्युला प्रजातीची मादी मुखावरील विशेष अवयवांनी चिकट परागकणांची गोळी करते, दुसऱ्या फुलाच्या किंजपुटात अंडी घालते आणि नंतर ते पराग कुक्षीच्या पोकळीत दाबून बसविते. अळ्या काही बिया खातात व उरलेल्यांतून नवी रोपे उगवतात. एखाद्या फुलात अंडी फार झाली, तर झाड बहुधा ते फूल गाळून टाकते. अळ्या जमिनीत उतरून कोशात हिवाळा काढतात.

युरोपात हे पतंग नसल्याने तेथील बागांत युक्का भरघोस फुलूनही बहुधा बोंडे धरत नाहीत. बी हवे असल्यास संध्याकाळी उमललेल्या फुलातील पराग काडीने घेऊन दुसऱ्या झाडाच्या कुक्षीच्या पोकळीत दाबावे लागतात. एकाच झाडाच्या मुनव्यांपासून वाढविलेली झाडे आनुवंशिक दृष्ट्या एकच असल्याने त्यांच्यात आपसात फलधारणा कमी होते.

अभिवृद्धी

मुनवे वेगळे करून लावणे ही सर्वांत सोपी पद्धत होय. वसंतात मुनवा मुळांसह काढून जखम दोन-तीन दिवस सुकू द्यावी व मग तो कोरडसर मातीत लावावा. मूलक्षोडाच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात. त्यामुळेच जमलेली युक्का बागेतून समूळ काढणे कठीण जाते. बिया चपट्या व काळ्या असतात. त्या एक दिवस पाण्यात भिजवून सुमारे २० अंश तापमानात पेरतात.

कीड, रोग व सावधगिरी

कोवळ्या फुलोऱ्यावर मावा पडतो. तो पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढता येतो. ओल्या हवेत पानांवर बुरशीजन्य तपकिरी ठिपके येतात. अशी पाने कापून नष्ट करावी. हरणे कळ्या खातात.

पानांच्या टोकांनी डोळ्यांना इजा होऊ शकते, म्हणून छाटणी करताना चष्मा व जाड हातमोजे वापरावे. युक्कात सॅपोनिने असतात. ती कुत्री व मांजरे यांना अपायकारक आहेत. याच द्रव्यांमुळे मुळांचा फेस होतो आणि अमेरिकेतील नाव्हाहो, होपी इत्यादी जमाती केस धुण्यासाठी, महाराष्ट्रातील रिठ्याप्रमाणे, त्याचा वापर करीत आल्या आहेत.

संवर्धन

युक्का ग्लॉका जातीच्या विस्ताराची उत्तर सीमा ॲल्बर्टाच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. कॅनडात ही जात निसर्गतः अगदी मोजक्या ठिकाणी उरली असून ती आणि तिच्यावर अवलंबून असलेला पतंग या दोहोंची नोंद तेथील जोखमीतील जातींच्या यादीत आहे. झाड गेल्यास पतंग जातो व पतंग गेल्यास झाडाला बी धरत नाही. खोड असलेल्या युक्का फार सावकाश वाढतात. म्हणून विक्रीस आलेली मोठी झाडे निसर्गातून उपटलेली असण्याची शक्यता असते. बियांपासून रोपवाटिकेत वाढविलेली लहान रोपे घेणे निसर्गाच्या दृष्टीने इष्ट असते आणि अशी रोपे नव्या जागेत अधिक सहजपणे रुजतात.