खडकी–दौंडचा बिनतारी झोत

१९२७ च्या सप्टेंबर महिन्याच्या ६ तारखेस हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्या दरम्यान बिनतारी संदेशांचा थेट मार्ग खुला झाला. मुंबईच्या व्यापाऱ्याचा संदेश तारेनें पुण्याजवळ खडकीस जाई, आणि तेथील प्रक्षेपक यंत्रांतून निघून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्केग्नेसजवळ झेलला जाई. तिकडचा संदेश ग्रिम्सबीजवळून निघे व दौंडास उतरे. मध्यें समुद्रतळींची तार नाहीं कीं विसाव्याचें ठाणें नाहीं. हा मार्ग आंखतांना दोन प्रश्न सोडवावे लागले होते: यंत्र कोणत्या जातीचें घ्यावें, आणि त्यांतून रोज किती शब्द जातील असें धरून चालावें?

बिनतारी ठाण्यांच्या साखळीची कल्पना नवी नव्हती. पहिल्या महायुद्धापूर्वींच सुमारें दोन दोन हजार मैलांच्या टप्प्यांनीं ठाणीं उभारण्याची योजना निघाली होती. परंतु युद्ध आणि त्यामागून बसलेल्या समित्या यांत दहा वर्षें निघून गेलीं. त्या काळीं तज्ज्ञांचा सारा भरंवसा दीर्घलहरींवर होता. लहर जितकी लांब आणि यंत्र जितकें बलाढ्य, तितका संदेश दूर पोंचतो, असा अनुभव होता. १९२६ च्या १ जानेवारीस इंग्लंडांत सुरू झालेलें रग्बीचें ठाणें हा या मताचा कळस होय. तेथें ८२० फूट उंचीचे १२ मनोरे उभे राहिले, आणि त्याची लहर १८ किलोमीटरांहून लांब होती. त्या ठाण्याचा आवाज जगभर पोंचे, हें खरें. परंतु उष्ण प्रदेशांतील वादळांचा कडकडाट अशाच लांब लहरींवर अधिक ऐकूं येतो. वळिवाचे ढग गडगडूं लागले कीं क्षीण संदेश त्यांत बुडून जाई, आणि तेच शब्द पुनःपुन्हां पाठवावे लागत.

मार्कोनी यानें मात्र वाट बदलली. १९२३ सालीं त्यानें आपली ‘एलेट्रा’ नौका केप व्हर्द बेटांपर्यंत नेली आणि कॉर्नवॉलमधील पोल्ढू येथून सुमारें ९७ मीटरांच्या लघुलहरीवर येणारे संदेश रात्रीं ऐकले. यंत्राची शक्ति एका किलोवॅटापर्यंत उतरविली, तरी ते स्पष्टच राहिले. १९२४ सालीं ३२ मीटरांची लहर भर दिवसा बैरूतपर्यंत पोंचली. त्याच वर्षींच्या जुलै महिन्यांत ब्रिटिश टपाल खात्याशीं करार झाला, आणि मार्कोनी कंपनीनें आपली प्रतिष्ठा लघुलहरींच्या झोतावर लावली.

या करारांतील आंकडे मननीय आहेत. दर मिनिटास पांच अक्षरांचे १०० शब्द, दोन्ही दिशांनीं एकाच वेळीं. अचूकपणासाठीं पुन्हां पाठविलेले शब्द हिशेबांत धरावयाचे नाहींत. परंतु हा वेग चोवीस तासांचा नव्हता. सरासरीनें कानडास रोज १८ तास, हिंदुस्थानास १२, दक्षिण आफ्रिकेस ११ आणि ऑस्ट्रेलियास अवघे ७ तास, एवढीच हमी होती. नुसत्या वेगानें गुणाकार केला तर दिवसाचे १,४४,००० शब्द होतात. हिंदुस्थानच्या वांट्यास हमीचे ७२,००० च येत होते.

हें अर्धे माप कां? लघुलहर भूमीच्या आश्रयानें दूर जात नाहीं. वातावरणाच्या अगदीं वरच्या विद्युद्भारित थरावरून ती खालीं वळते. तो थर सूर्याच्या किरणांनीं घडतो व रात्रीं विरळ होतो. म्हणून या मार्गावर दिवसा सुमारें १६ मीटरांची आणि रात्रीं सुमारें ३४ मीटरांची, अशा दोन लहरी ठेवाव्या लागल्या. पुण्यास सूर्य लंडनच्या सुमारें पांच तास आधीं उगवतो. एका टोंकास अंधार व दुसऱ्यास ऊन अशा वेळीं कोणती लहर चालेल याचा नेम नसे. सूर्याशीं करार करतां येत नाहीं, हें जाणूनच तो आंकडा लिहिलेला होता.

यंत्ररचनेंतहि तेंच तारतम्य दिसतें. चार्ल्स फ्रँकलिन या अभियंत्यानें पावणेतीनशे फुटांहून उंच खांबांवर तारांचा पडदा टांगला व त्यामागें परावर्तक तारांचा दुसरा पडदा लावला. त्यामुळें सुमारें वीस किलोवॅटांची शक्ति दाही दिशांस न उधळतां एकाच दिशेस वळली. बोलणारें यंत्र खडकीस आणि ऐकणारें दौंडास ठेवण्याचें कारणहि सरळ आहे: शेजारीं कोणी ओरडत असतां दूरची कुजबूज ऐकूं येत नाहीं. दोघांत अंतर राखल्यामुळेंच एकाच वेळीं पाठविणें व घेणें साधलें.

झोताचें यश इतकें होतें कीं समुद्री तारांच्या कंपन्या हवालदिल झाल्या. १९२८ सालीं लंडनला परिषद भरली आणि १९२९ सालीं तारा व झोत एकाच कंपनीच्या छत्राखालीं आले. हिंदुस्थानांतहि १९३२ पासून दोन्ही सेवा एका कंपनीच्या हातीं गेल्या. १९३३ सालीं विलायतेशीं दूरध्वनि सुरू झाला. आणि १ जानेवारी १९४७ रोजीं, स्वातंत्र्याच्या साडेसात महिने अगोदर, सारा कारभार सरकारनें आपल्याकडे घेतला. पुढें १९७१ सालीं पुणें जिल्ह्यांतच, आर्वी येथें, उपग्रहाचें भूकेंद्र झालें व लघुलहरींचा जमाना ओसरूं लागला.

आज दोन गच्च्यांवर समोरासमोर तबकड्या बसवून जोडणी करणारा गृहस्थ यंत्राच्या खोक्यावरील वेगाचा आंकडा वाचतो, आणि प्रत्यक्षांत पुष्कळदां त्याच्या निम्माच वेग पदरांत पडतो. तो आंकडा खोटा नसतो. तो उत्तम क्षणाचा असतो. १९२४ च्या करारानें उत्तम क्षण न मोजतां सबंध दिवस मोजला. खडकी–दौंडच्या झोतापासून शिकण्यासारखें आहे तें हेंच.