धुळीतली अक्षरे

दर शनिवारी शेवटच्या तासाला मी वर्गात गोष्ट सांगतो. इसापापासून साने गुरुजींपर्यंत सर्वांच्या दारी हात पसरून झाला आहे. त्यांत एक गोष्ट मी वर्षाआड तरी सांगत आलो. शास्त्री आणि परूशी एका बाईला व्यभिचारात धरून भल्या पहाटे मंदिरात येशू ख्रिस्तापुढे आणतात. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे हिला दगडमार करावी, तुझे म्हणणे काय, असे विचारतात. येशू उत्तर देत नाही. खाली ओणवा होऊन बोटाने जमिनीवर लिहू लागतो. ते हट्टच धरतात तेव्हा तो ताठ होऊन एवढेच सांगतो, की ज्याच्या हातून पाप घडले नसेल त्याने पहिला दगड टाकावा. आणि पुन्हा ओणवा होऊन लिहू लागतो. म्हाताऱ्यांपासून सुरुवात होऊन एकेक जण निघून जातो. मुले बारातेरा वर्षांची असल्याने बाईचा अपराध मी मोघम ठेवतो. बाकी गोष्ट आहे तशी सांगतो. (धरून आणलेली बाई एकटीच कशी, पुरुष कुठे गेला, हा प्रश्न मुलांना सुचत नाही. वास्तविक त्या नियमशास्त्रात शिक्षा दोघांनाही सांगितली आहे.)

काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, त्यांनी जमिनीवर काय लिहिलं?”

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “दगड घेऊन आलेल्यांची पापं.”

वर्ग खूश झाला, मीही झालो. पण घरी जाताना मनात पाल चुकचुकली. हे मी कुठे वाचले होते? रात्री मराठी बायबल काढून योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय उघडला. काय लिहिले याविषयी तिथे अवाक्षर नव्हते. उलट, आजवर माझ्या ध्यानात न आलेली एक गोष्ट दिसली. सातव्या अध्यायाचे शेवटचे वचन आणि आठव्यातली पहिली अकरा, अशा बारा वचनांना माझ्या प्रतीत चौकोनी कंस घातला होता.

कंस घातला म्हणजे कोणाला तरी शंका होती. त्या शंकेचा माग काढताना माझी दोन वर्षे गेली. ओळखीच्या एका निवृत्त धर्मोपदेशकांनी पुस्तके पुरविली. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही. ग्रीक तर सोडाच, इंग्रजीही मी कोश मांडीवर घेऊन वाचतो. तरीही दोन ग्रंथ शेवटपर्यंत वाचले. एक ख्रिस कीथ यांचा, 2009 साली लायडनच्या ब्रिल या प्रकाशनसंस्थेने काढलेला. आणि दुसरा जेनिफर नस्ट व टॉमी वॉसरमन या दोघांनी मिळून लिहिलेला, प्रिन्स्टन विद्यापीठाने 2018 साली प्रसिद्ध केलेला. दोन्ही ग्रंथ सबंध या बारा वचनांवर आहेत! आपल्याकडे एका ओवीवर रात्र रात्र कीर्तन रंगते हे ठाऊक होते. पण बारा वचनांवर एवढे जाड पुस्तक मी प्रथमच पाहिले.

वस्तुस्थिती अशी आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ज्या अतिप्राचीन हस्तलिखित प्रती उपलब्ध आहेत, त्यांत ही गोष्टच नाही. इजिप्तच्या वाळूने जपलेली आणि 1956 साली प्रसिद्ध झालेली एक पपायरस प्रत साधारणपणे इ. स. 200 च्या सुमाराची मानतात, तीत नाही. व्हॅटिकनच्या ग्रंथालयातील चौथ्या शतकातल्या चर्मपत्राच्या प्रतीत नाही. टिशेनडॉर्फ या जर्मन पंडिताने सिनाय पर्वताच्या पायथ्याच्या मठातून 1859 साली बाहेर आणलेल्या, आणि पुढे 1933 साली सोव्हिएत सरकारकडून एक लाख पौंडांना विकत घेऊन लंडनला ठेवलेल्या सुप्रसिद्ध प्रतीतही नाही. जागा कोरी सोडलेली नाही की पान फाटलेले नाही. गालीलातून संदेष्टा उद्भवत नाही, हे परूश्यांचे वाक्य संपते आणि लगेच येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवून बोलू लागतो. सांधा कुठे जाणवतच नाही. ही गोष्ट आजच्या जागी असलेली सर्वांत जुनी ग्रीक प्रत इ. स. 400 च्या आसपासची आहे. तिच्यात एका बाजूला ग्रीक आणि समोर लॅटिन आहे. ती आज केंब्रिजला आहे.

ग्रीक न येणाऱ्या माणसालाही एक पडताळा घरबसल्या घेता येतो. मी घेतला. योहानाचे सबंध शुभवर्तमान बोट ठेवून वाचले. ‘शास्त्री’ हा शब्द त्यात या बारा वचनांखेरीज कुठेही नाही. ‘जैतुनांचा डोंगर’ हाही नाही. इतर तीन शुभवर्तमानांत हे दोन्ही पुन्हा पुन्हा भेटतात. ही भाषा योहानाची नव्हे.

मग गोष्ट आली कुठून? कोणी लबाडी केली असा तर्क लगेच सुचतो. पण प्रकरण तितके सोपे नाही. तिसऱ्या शतकातला ‘दिदास्कालिया’ नावाचा एक ग्रंथ आहे. चर्चच्या अधिकाऱ्यांनी कसे वागावे हे तो सांगतो. पश्चात्ताप झालेल्या माणसाला दूर लोटू नका असे सांगताना तो याच बाईचा दाखला देतो. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा अंध पंडित दिदिमस हीच हकीकत सांगतो. त्याचे ते भाष्य 1941 साली इजिप्तमध्ये तुरा येथील खाणींत सापडले. म्हणजे गोष्ट लोकांच्या तोंडी फार पूर्वीपासून होती. ग्रंथात तिला जागा मागाहून मिळाली.

आता मौज पाहा. दिदास्कालियातल्या गोष्टीत येशू जमिनीवर लिहीत नाही. दिदिमसच्या गोष्टीतही लिहीत नाही. ओणवे होऊन बोटाने लिहिणे योहानात घातलेल्या पाठातच तेवढे आहे. आणि चारही शुभवर्तमानांत येशू काही लिहितो असा हा एकच प्रसंग!

कीथ यांनी इथेच बोट ठेवले आहे. सातव्या अध्यायात लोक नवल करतात, की हा शिकलेला नसून याला विद्या कशी आली? त्या काळी वाचता येणारे थोडे, आणि लिहिता येणारे त्याहूनही थोडे. ख्रिस्ती लोक म्हणजे अडाण्यांचा मेळावा, अशी सेल्सससारखे विरोधक टर उडवीत. तेव्हा आमच्या गुरूला लिहिता येत होते, इतकेच नव्हे, तर सिनाय पर्वतावर ज्या बोटाने दहा आज्ञा लिहिल्या गेल्या त्या बोटाशी त्याच्या बोटाचे नाते आहे, हे दाखविण्यासाठी ही गोष्ट नेमकी या जागी बसविली, असे कीथ म्हणतात.

माझे आजोबा धूळपाटीवर शिकले. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचे, गुरुजींनी पाहिले की हाताने पुसायचे. त्यामुळे कीथ यांचा तर्क वाचताना मला तो फार जवळचा वाटला. तरी तो सबंध पटला नाही. साक्षरताच सिद्ध करावयाची, तर काय लिहिले ते सांगायला काय हरकत होती? शिवाय तो दोनदा लिहितो. पहिल्या वेळेचे कारण कीथ देतात तसे असेल. दुसऱ्या वेळेचे कारण मला माझ्या धंद्यातून कळते. वर्गात कोणाचे पेन नाहीसे झाले, की ज्याने घेतले त्याने ते टेबलावर आणून ठेवावे असे सांगून मी फळ्याकडे तोंड करतो आणि काही तरी लिहीत बसतो. मी बघत राहिलो तर पेन कधीच परत येत नाही. समोर जो उभा आहे तो टक लावून पाहत असता कोणता म्हातारा हातातला दगड खाली टाकून जाईल? हे पंडितांनी लिहिलेले नाही. माझे मत म्हणून सांगतो.

नस्ट आणि वॉसरमन यांचा रोख वेगळा आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टिनने एक खुलासा केला होता: काही दुबळ्या श्रद्धेच्या पुरुषांनीच ही गोष्ट ग्रंथांतून काढून टाकली, कारण आपल्या बायका यामुळे सोकावतील अशी त्यांना धास्ती वाटली. खुलासा इतका खरासा वाटतो की मीही त्यावर विश्वास ठेवून बसलो होतो. नवऱ्यांना ओळखणारा माणूस! पण या दोघांनी तो खोडला आहे. त्या काळचे विद्वान संशयित मजकुराला खूण करीत, सहसा कापून टाकीत नसत. आणि ही गोष्ट जुन्या ख्रिस्ती लेखकांना लाजिरवाणी वाटल्याचा पुरावा नाही. ती काढलेली नाही, घातलेली आहे. घातल्यावरही ती बराच काळ कुठे स्थिर होईना. काही प्रतींत ती योहानाच्या शेवटी आहे, तर काहींत चक्क लूकच्या शुभवर्तमानात. कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमध्ये पेंटेकॉस्टच्या दिवशी हा भाग वाचताना मधली गोष्ट गाळून पुढे जात, आणि तीच गोष्ट 8 ऑक्टोबरला, पश्चात्ताप पावलेल्या पेलागियाच्या सणाला, वाचीत.

इथे मला एकनाथमहाराज आठवले. 1584 साली त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि बजावले, की जो यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. आम्ही मराठी माणसे ‘प्रक्षिप्त’ या शब्दाने दचकतो ते तेव्हापासून. 1881 साली वेस्टकॉट आणि हॉर्ट या इंग्रज संपादकांपुढे हाच पेच आला. गोष्ट योहानाची नव्हे अशी त्यांची खात्री होती. त्यांनी ती जागेवरून उचलली, पण टाकून दिली नाही. शुभवर्तमानाच्या शेवटी दुहेरी कंसात छापली. बहुतेक नव्या आवृत्त्या ती जागेवर ठेवून कंस घालतात. नरोटी म्हणावी तर तिच्यातही अमृतच आहे; ते फेकायला कोणाचा हात धजत नाही.

त्या मुलाला दिलेल्या उत्तराचाही उलगडा झाला. आणणाऱ्यांची पापे लिहिली, ही कल्पना जेरोमकडे सापडते. आणि पुढे काही नकलकारांनी मूळ वचनातच तेवढे शब्द वाढविले. म्हणजे मी वर्गात जे केले तेच त्यांनी केले होते. समोर कोणी तरी ‘काय लिहिले?’ म्हणून विचारणारा असणार, आणि गप्प राहणे जमले नसणार.

यंदा श्रावणातल्या एका शनिवारी मी ती गोष्ट पुन्हा सांगितली. आधी फळ्यावर एक मोठा चौकोनी कंस काढला. ही गोष्ट त्या पुस्तकात नंतर कोणी तरी आणून ठेवली, कोणी ते कळलेले नाही, असे सांगितले. मुलांना त्याचे काहीच वाटले नाही. प्रश्न मात्र ठरल्याप्रमाणे आला, या खेपेस पुढच्या बाकावरच्या एका मुलीकडून.

“कोणी लिहून ठेवलेलं नाही,” मी म्हणालो.

“मग पुसलं कोणी?” तिने विचारले. तेवढ्यात घंटा झाली.