थडग्यावर साल लिहिलंय ‘१५’, मग अर्थ १६३० कसा? भारतातल्या आर्मेनियन लोकांच्या इतिहासाची गोष्ट

कोलकात्याच्या बडा बाजारात हातगाड्या, हमाल आणि घाऊक दुकानांच्या गर्दीत एक पांढरं चर्च आहे. १७२४ साली बांधलेलं हे आर्मेनियन होली नाझरेथ चर्च. त्याच्या आवारात शेकडो थडगी आहेत. त्यातल्या एका दगडावर रेझाबीबे नावाच्या बाईचं नाव आहे, ती दानशूर सुकियास यांची पत्नी होती असा उल्लेख आहे आणि मृत्यूचं साल दिलंय, १५.

हे १५ म्हणजे नेमकं कुठलं साल? भारतातल्या आर्मेनियन लोकांचा इतिहास जपणं इतकं अवघड का आहे, ते या एका आकड्यावरून कळतं.

आधी हे लोक कोण, ते बघू

आर्मेनिया म्हणजे तुर्कस्तान आणि इराणला लागून असलेला डोंगराळ देश. १६०४-०५ च्या सुमारास इराणचा शाह अब्बास याने जुल्फा गावातल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांना उठवून आपल्या इस्फहान या राजधानीजवळ वसवलं. त्या वस्तीचं नाव नवं जुल्फा. रेशीम, जवाहीर आणि मसाल्यांच्या व्यापारासाठी इथले व्यापारी आग्रा, सुरत, मद्रास, बंगाल असे सगळीकडे पोचले. त्यांना फारसी यायची, मुघल दरबारात त्यांची ऊठबस होती. १६८८ साली खुद्द ईस्ट इंडिया कंपनीने ख्वाजा पानोस कलंतर यांच्याशी करार करून आर्मेनियन व्यापाऱ्यांना सवलती दिल्या.

मग ते १५ साल कुठलं?

आर्मेनियन लिपी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झाली. या लिपीत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते, त्यामुळे जुन्या दगडांवर साल अक्षरांत कोरलेलं असतं. शिवाय कालगणना दोन. जुन्या गणनेत आपलं नेहमीचं साल काढायला साधारण ५५१ मिळवायचे. पण जुल्फाच्या व्यापाऱ्यांची ‘अझारिया’ नावाची वेगळी गणना होती, तिच्यात १६१५ मिळवावे लागतात.

१५ अधिक १६१५ म्हणजे १६३०.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मेस्रोब जेकब सेठ यांनी हा दगड असा वाचला. हे खरं धरलं, तर जॉब चारनॉक १६९० साली येण्याच्या साठ वर्षं आधीच इथे आर्मेनियन लोक होते. काही अभ्यासकांना हे साल मान्य नाही. पण वाद घालायलासुद्धा आधी तो दगड वाचता यायला हवा ना! सेठ यांनी असे कित्येक शिलालेख वाचून १९३७ मध्ये भारतातल्या आर्मेनियन लोकांवर मोठा ग्रंथ काढला. अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात.

दगडांपलीकडे काय उरलंय?

बरंच काही. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक ‘अझदरार’ १७९४ साली मद्रासमध्ये छापलं गेलं. कोलकात्याचं ग्रँड हॉटेल नावारूपाला आणणारे अराथून स्टीफन आर्मेनियन होते. १९०२ मध्ये ग्रामोफोनवर गाणाऱ्या गौहर जान यांचे वडीलही आर्मेनियन वंशाचे. मुंबईतही फोर्टात मेडोज स्ट्रीटवर १७९६ साली आर्मेनियन चर्च उभं राहिलं.

मग अडचण कुठे आहे?

स्वातंत्र्यानंतर बरीच कुटुंबं ब्रिटन, ऑस्ट्रेलियाला गेली. आज कोलकात्यात जेमतेम शे-दीडशे आर्मेनियन असतील. चेन्नईच्या चर्चची देखभालही कोलकात्याची समितीच बघते. जुन्या धनिकांनी ठेवलेल्या निधीतून इमारतींची डागडुजी होते, रंगरंगोटी होते. पण माणसं परदेशी जातात तेव्हा पत्रं, फोटो, घरातल्या आठवणीही त्यांच्यासोबत जातात. आणि अक्षरं वाचणारं कोणी उरलं नाही, तर चांगला राखलेला दगडही मुका होतो.

यावर त्यांनी उपाय काय काढला?

शाळा! १८२१ साली सुरू झालेलं आर्मेनियन कॉलेज आजही चालू आहे. नावात कॉलेज असलं तरी ही निवासी शाळा आहे. लेखक विल्यम थॅकरे यांचा जन्म जिथे झाला, त्याच जागेत ती भरते. स्थानिक मुलं कमी झाल्यावर इराण, इराक, आर्मेनियातून मुलं इथे येऊ लागली. ती आर्मेनियन शिकतात, कोलकात्याच्या मैदानात रग्बी खेळतात आणि ६ जानेवारीला, आर्मेनियन नाताळाच्या दिवशी, चर्चमध्ये प्रार्थनेला जातात.

शाळा संपली की यातली बरीच मुलं परत जातात. पण जोवर ती येतायत, तोवर रेझाबीबेच्या दगडावरची अक्षरं वाचू शकणारं कोणीतरी कोलकात्यात आहे.