मापात पाप : मुक्या जनावरांच्या अन्नाची एक कथा

नामदेवरायांची एक गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कुत्र्याने भाकरी पळविली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी देवाच्या घशाखाली कशी उतरणार, ही त्यांची चिंता! या कथेतील भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवला तरी तिच्यात एक साधी व्यवहाराची गोष्ट आहे. कुत्र्याने पळविलेली भाकरी ही नामदेवांच्याच जेवणातली होती. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्याचा आहार असाच चालत आला. घरात जे शिजले त्यातलाच शेवटचा तुकडा दाराशी बसलेल्या मुक्या जनावराला मिळे. त्या अन्नात काही वाईट असते, तर ते आधी घरधन्याला बाधले असते. अन्नाच्या शुद्धतेची याहून मोठी हमी ती कोणती असावयाची?

ही हमी सुटली ती कुत्र्याचे अन्न कारखान्यात तयार होऊ लागले तेव्हा. जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन गृहस्थ 1860 च्या सुमारास लंडनला गेला आणि त्याने गव्हाचे पीठ, भाज्या व मांस यांची खास कुत्र्यांसाठी केलेली बिस्किटे विकावयास सुरुवात केली. पुढे 1922 मध्ये अमेरिकेत घोड्याचे मांस डबाबंद करून कुत्र्यांसाठी विकले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई पडली, तेव्हा डब्यांच्या जागी कोरडे खाद्य आले. युद्ध संपल्यावर दोन्ही प्रकार नांदू लागले आणि आज पुणे, इंदूर, वडोदरा यांसारख्या आपल्या शहरांतूनही अशा खाद्याच्या पिशव्या दुकानात मांडलेल्या दिसतात. त्या पिशवीतला घास घरातील माणूस कधी खात नाही. पिशवीवरचा कागद जे सांगेल त्यावर विश्वास ठेवावयाचा, एवढेच त्याच्या हाती उरते. हा विश्वास कसा फसला आणि त्या फसवणुकीचा अखेरचा हिशेब कोणाला चुकवावा लागला, ही हकीकत आज मला आपणांपुढे ठेवावयाची आहे.

16 मार्च 2007 हा दिवस. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या मेन्यू फूड्स या कंपनीने जाहीर केले की, आपण तयार केलेले कुत्र्यामांजरांचे रसदार खाद्य बाजारातून परत मागवीत आहोत. डबे आणि पाकिटे मिळून हा माल 6 कोटींहून अधिक नगांचा होता. 3 डिसेंबर 2006 ते 6 मार्च 2007 या काळात अमेरिकेतील कॅन्सस व न्यू जर्सी या राज्यांतील कारखान्यांत तो तयार झाला होता. फेब्रुवारीतच कंपनीकडे तक्रारी येऊ लागल्या होत्या. कंपनीने नेहमीप्रमाणे चव पाहण्यासाठी जी जनावरे ठेवली होती, त्यांपैकी काही मांजरे हे खाद्य खाऊन मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. त्यानंतर हा निर्णय झाला.

लोकांना धक्का बसला तो आणखी एका गोष्टीचा. हा माल मेन्यू फूड्स या नावाने विकला जातच नव्हता. शंभराच्या आसपास निरनिराळ्या नावांनी तो दुकानांतून मांडलेला होता. त्यांत महागड्या, प्रतिष्ठित नावांचे डबे होते, तसेच मोठ्या दुकानांनी स्वतःच्या नावाने विकलेले स्वस्त डबेही होते. प्रत्येकाची कृती वेगळी असे, हे खरे. पण भटारखाना एक आणि कोठीही एक. कोठीतले एक पोते विषारी निघाले की सगळ्याच पंक्तीत विष वाढले जावयाचे! अधिक पैसे मोजून आपण आपल्या लाडक्या जनावरासाठी वेगळे काही विकत घेतो, अशी ज्यांची समजूत होती त्यांना त्या दिवशी खरा प्रकार कळला.

आता ते विष कोणते, याचा शोध सुरू झाला. 23 मार्चला न्यूयॉर्क राज्यातील शास्त्रज्ञांनी सांगितले की, खाद्याच्या नमुन्यांत अमिनोप्टेरीन हे उंदीर मारण्याचे द्रव्य सापडले आहे. परंतु इतर प्रयोगशाळांत ते आढळेना. एका आठवड्यानंतर, 30 मार्चला, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खरा अपराधी जाहीर केला. तो होता मेलॅमीन. ज्यापासून न फुटणाऱ्या बशा आणि ताटल्या करतात, तेच हे द्रव्य. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1834 मध्ये ते प्रथम तयार केले. अन्नाशी त्याचा काही संबंध नाही. मग ते कुत्र्याच्या डब्यात कशासाठी आले?

याचे उत्तर समजण्यास आपणांस थोडे स्वयंपाकघरात आणि थोडे प्रयोगशाळेत जावे लागेल. कणकेचा गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली चुरत धुतला, तर पांढरे सत्त्व वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. हेच गव्हातले प्रथिन. त्याला ग्लुटेन म्हणतात. त्याची कोरडी पूड डबाबंद खाद्यातील रस दाट करण्यास व मांसाचे तुकडे बांधून ठेवण्यास वापरतात. अर्थात ती साध्या पिठापेक्षा पुष्कळ महाग असते आणि तिची किंमत ठरते ती तिच्यातील प्रथिनांच्या प्रमाणावर.

हे प्रमाण मोजावयाचे कसे? कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. ही प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याने काढलेली. तेव्हा धान्यातील प्रथिने मोजण्याची तिला नित्य गरज. केल्डालने 1883 मध्ये एक सुटसुटीत पद्धत प्रसिद्ध केली. पदार्थ तीव्र गंधकाम्लात उकळावयाचा, त्यातील नत्राचा अमोनिया करून घ्यावयाचा आणि तो मोजावयाचा. प्रथिनाच्या 100 भागांत सरासरी 16 भाग नत्र असतो. म्हणून जेवढा नत्र सापडेल त्याला 6.25 ने गुणले की प्रथिनांचा आकडा मिळतो. पद्धत इतकी चांगली की शंभर वर्षांहून अधिक काळ सर्व जगाने ती वापरली.

पण ही पद्धत प्रथिने मोजीत नाही. ती मोजते नत्र. हा नत्र गव्हातून आला की आणखी कोठून आला, हे तिला कळत नाही. लॅक्टोमीटरला जसे दूध कळत नाही, केवळ घनता कळते. आणि पाणी घातलेल्या दुधात साखर टाकून गवळी त्याला फसवितो, त्यातलाच हा प्रकार. मेलॅमीनच्या वजनाचा दोनतृतीयांश भाग नत्रच असतो. 100 किलो पिठात 1 किलो मेलॅमीन मिसळले, तर परीक्षेच्या कागदावर 4 किलोंहून अधिक प्रथिने वाढलेली दिसतात! प्रत्यक्षात मात्र एक गुंजभरही वाढत नाहीत. आपल्याकडे ज्याला मापात पाप म्हणतात, ते येथे तराजूच्या दांडीत नव्हते. प्रयोगशाळेच्या काचपात्रात होते.

हे तथाकथित ग्लुटेन चीनमधील जिआंग्सू प्रांतातील एका कंपनीचे होते आणि अमेरिकेतील लास व्हेगासच्या एका व्यापारी कंपनीमार्फत ते आले होते. नोव्हेंबर 2006 ते फेब्रुवारी 2007 या काळात असा 800 टनांहून अधिक माल पाठविण्यात आला, असे पुढे अमेरिकन सरकारने आपल्या आरोपपत्रात म्हटले. तपासात आणखी एक गोष्ट निघाली. ते ग्लुटेन नव्हतेच. ते साधे गव्हाचे पीठ होते आणि मेलॅमीनच्या जोरावर ते ग्लुटेन म्हणून खपले होते. एप्रिलमध्ये तांदळाच्या प्रथिनांच्या पुडीतही मेलॅमीन सापडले आणि आणखी कंपन्यांना आपला माल परत मागवावा लागला. चीन सरकारने प्रथम हा आरोप मानला नाही. परंतु 26 एप्रिल रोजी त्यानेच वनस्पतिजन्य प्रथिनांत मेलॅमीन मिसळण्यास बंदी घातली.

तरी शास्त्रज्ञांपुढे एक कोडे उरले होते. मेलॅमीन काही जहाल विष नव्हे. एकट्याने ते एवढा संहार करू शकत नाही. ते कोडे सुटले ते जनावरांच्या मूत्रपिंडांत सापडलेल्या स्फटिकांवरून. भेसळीच्या मालात सायन्युरिक आम्ल हे दुसरे द्रव्यही होते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातील संशोधकांनी मांजराच्या मूत्रात ही दोन्ही द्रव्ये एकत्र केली, तेव्हा काही तासांतच तसेच स्फटिक तयार झाले. वेगवेगळी असताना फारशी न बाधणारी ही दोन द्रव्ये एकत्र आली की मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत खड्यांसारखी अडकतात. हाच प्रकार 2004 मध्ये आशिया खंडातील कित्येक कुत्र्यांना भोवला होता. पण त्याचे खरे कारण 2007 च्या शोधानंतरच उलगडले. म्हणजे पहिला इशारा तीन वर्षे तसाच पडून होता.

किती जनावरे दगावली? माणसाच्या मृत्यूची जशी नोंद होते तशी कुत्र्यामांजरांची होत नाही. लोकांनी सरकारला जे कळविले त्यांत सुमारे 1,950 मांजरांच्या आणि 2,200 कुत्र्यांच्या मृत्यूंची वार्ता होती. प्रत्येक मृत्यूचे कारण तपासून पाहणे शक्य नव्हते. कंपन्यांनी 2008 मध्ये तडजोडीने 2 कोटी 40 लाख डॉलर देऊ केले. माल आणणाऱ्या व्यापारी कंपनीने व तिच्या मालकांनी 2009 मध्ये गुन्हा कबूल केला. मालकांना दंड करून परिवीक्षेवर सोडण्यात आले. आणि एक गोष्ट ऐकून आपणांस नवल वाटेल. त्या काळी अमेरिकन प्रशासनाला असे खाद्य परत मागविण्याची सक्ती करण्याचा अधिकारच नव्हता. 16 मार्चची घोषणा कायद्याच्या दृष्टीने कंपनीच्या खुशीची होती. तो अधिकार जानेवारी 2011 मधील नव्या कायद्याने मिळाला.

कोणी म्हणेल, कुत्र्यामांजरांच्या अन्नाची एवढी चर्चा कशाला? जगात माणसांना खावयास मिळत नाही! हा आक्षेप 2007 मध्येही घेतला गेला होता. पण त्याच वसंत ऋतूत असे दिसून आले की, त्या खाद्याचा उरलासुरला चोथा अमेरिकेतील डुकरांना आणि कोंबड्यांना घातला गेला होता. म्हणजे कुत्र्याचे ताट आणि माणसाचे ताट यांमध्ये जी भिंत आपण मानली होती, ती नव्हतीच. त्या मांसापासून माणसाला असलेला धोका अत्यल्प आहे, असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला आणि लोक ते प्रकरण विसरले.

पुरते दीड वर्षही झाले नव्हते. सप्टेंबर 2008 मध्ये चीनमधून बातमी आली की, तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीत मेलॅमीन सापडले आहे. दुधात पाणी घालावयाचे आणि प्रथिनांची परीक्षा उतरावी म्हणून मेलॅमीन टाकावयाचे. युक्ती तीच, माप तेच. या खेपेस मेलॅमीन बालकांच्या शरीरातील यूरिक आम्लाशी मिळून त्याचे खडे झाले. सुमारे 3 लाख बालके आजारी पडली आणि 6 बालकांच्या मृत्यूची सरकारी नोंद झाली. सान्लू या मोठ्या दुग्धव्यवसाय कंपनीचे दिवाळे निघाले, दोघांना देहान्त शासन झाले. भारतानेही त्याच महिन्यात चीनमधून येणाऱ्या दुधावर व दुधाच्या पदार्थांवर बंदी घातली आणि पुढे ती वेळोवेळी वाढविली.

श्रोतेहो, या दोन घटनांत जे अंतर आहे ते केवळ दीड वर्षाचे आहे आणि तेच मला अधिक बोचते. मेलॅमीन प्रथिनांच्या परीक्षेला फसविते, त्याने मूत्रपिंडात खडे होतात, हे सारे 2007 च्या उन्हाळ्यात जगाला माहीत झाले होते. चीनमध्ये बंदीही झाली होती. परंतु ज्याने जे घडले त्यातून शिकावयाचे, त्याने ते कुत्र्यांचे प्रकरण म्हणून दप्तरात बांधून ठेवले. दुधाच्या संकलनकेंद्रावर मेलॅमीन शोधणारी परीक्षा तेव्हाच सुरू झाली असती, तर कित्येक पाळणे रिकामे झाले नसते.

आज मेलॅमीनची वेगळी तपासणी होते, ही समाधानाची गोष्ट आहे. पण लबाडी एका मापाला फसवू लागली की आपण दुसरे माप आणतो आणि लबाडी तिसरी वाट शोधते. म्हणून कागदावरचा आकडा पाहताना, हा आकडा नक्की काय मोजतो, हे विचारण्याची सवय ग्राहकाने, व्यापाऱ्याने आणि सरकारने अंगी बाणवावयास हवी. आणि दाराशी बसलेले जनावर अन्नाला तोंड लावीनासे झाले किंवा खाऊन आजारी पडले, तर ती त्याची खोड समजून पुढे जाऊ नये. त्याला बोलता येत नाही. पण 2007 मध्ये त्याने आपल्या जिवाची किंमत देऊन जी साक्ष दिली ती खरी होती. आपण ती वेळेवर ऐकली नाही, एवढेच.