महाधमनी-विच्छेदन : निदान व उपचारांचा इतिहास

महाधमनीच्या भित्तीचा आतील थर फाटून रक्त मधल्या थरात शिरते आणि भित्ती उभी दुभंगत जाते, या अवस्थेस महाधमनी-विच्छेदन म्हणतात. या विकाराचे ज्ञान दीर्घकाळ मृतदेहांपासूनच मिळत राहिले.

इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी केन्सिंग्टन राजवाड्यात अकस्मात मरण पावला. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांना शवतपासणीत हृदयावरण गोठलेल्या रक्ताने भरलेले आढळले. महाधमनीच्या आतील बाजूस सुमारे दीड इंचाची आडवी चीर होती आणि तिच्यातून रक्त बाह्य आवरणाखाली गेले होते. वर्णन अचूक होते. मात्र रोगाला नाव नव्हते. १८१९ मध्ये लेनेक यांनी त्यास ‘विच्छेदक धमनीविस्फार’ म्हटले. ही संज्ञा काहीशी दिशाभूल करणारीच ठरली, कारण धमनी फुगलेली नसतानाही ती दुभंगू शकते.

जिवंत रुग्णात निदान करणे त्याहून कठीण होते. छातीत वा पाठीत एकाएकी उठणारी तीव्र कळ हृदयविकाराच्या झटक्यासारखीच भासते. ही गल्लत आजही घातक ठरते. झटका समजून गुठळी विरघळवणारे औषध दिल्यास रक्तस्राव बळावतो. दोन्ही हातांच्या रक्तदाबातील तफावत संशयास पुष्टी देते, तर सी. टी. स्कॅनमुळे खात्री पटते.

ह्यूस्टन येथील मायकेल डीबेकी, डेंटन कूली व ऑस्कर क्रीच यांनी यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तांत १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. औषधोपचाराची दिशा मात्र अनपेक्षित ठिकाणाहून, कुक्कुटपालनातून, मिळाली. टर्की पक्षी महाधमनी फुटून मरत आणि रेसर्पिन दिल्यास हे मृत्यू घटत. रक्तदाबाबरोबरच हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा जोरही कमी करावयाचा, हे तत्त्व मायरन व्हीट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मानवी रुग्णांत अवलंबिले. १९७० च्या स्टॅनफर्ड वर्गीकरणाने निर्णय सुलभ केला : आरोही महाधमनी बाधित असल्यास तातडीची शस्त्रक्रिया, अन्यथा गुंतागुंत नसल्यास प्रथम औषधे.

३१ डिसेंबर २००५ रोजी खुद्द डीबेकी यांनाच या विकाराने गाठले. त्यांनी प्रारंभी शस्त्रक्रिया नाकारली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये ते शुद्धीवर नसताना नीतिसमितीच्या बैठकीनंतर ती करण्यात आली. तेव्हा त्यांचे वय ९७ होते. त्यांचे निधन जुलै २००८ मध्ये झाले.